टँडम सायकल: मागे बसणारा इथे ‘डबलसीट’ नसतो

शाळा सुटायच्या वेळी वरूडच्या कुठल्याही रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलात, तर एका सायकलवरून दोघं जाताना नक्की दिसतील. एक पायडल मारतोय, दुसरा कॅरिअरवर नाहीतर दांडीवर बसलाय. याला आपण डबलसीट म्हणतो. यात मेहनत एकाची असते आणि दुसरा सामानासारखा बसलेला असतो. चढ लागला की पहिला म्हणतो, “उतर ना भाऊ, लय जड होते.” दुसरा उतरतो आणि बाजूनं चालायला लागतो.

आता अशी सायकल डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर मागच्यालाही स्वतःची सीट आहे, स्वतःचं हँडल आहे आणि स्वतःचे पायडल आहेत. चढावर तो उतरत नाही, उलट जोर लावतो. या सायकलला टँडम म्हणतात.

बागेत किंवा समुद्रकिनारी भाड्यानं मिळणारी गमतीची सायकल, एवढीच टँडमची ओळख बहुतेकांना असते. पण ऑलिम्पिकमध्ये तिची शर्यत व्हायची, पॅरालिम्पिकमध्ये आजही होते, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगानं स्वतःच्या ताकदीवर जाण्याची संधी याच सायकलनं दिली. ती चालते कशी, वेगवान का असते, धोका कुठे असतो आणि आपल्या भागात तिचा उपयोग काय, हे एकेक करून बघू.

टँडमची रचना कशी असते?

टँडमला चाकं दोनच असतात. फ्रेम लांब असते आणि तिच्यावर एकामागे एक दोन सीट असतात. साध्या सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चाकात साधारण एक मीटर अंतर असतं. टँडममध्ये ते पावणेदोन मीटरच्या आसपास जातं. म्हणून ती अरुंद गल्लीत चटकन वळत नाही. तिला वळायला मोठी जागा लागते.

खरी गंमत चेनमध्ये आहे. टँडमला सहसा दोन चेन असतात. डाव्या बाजूची चेन पुढचे आणि मागचे पायडल एकमेकांना जोडते. उजव्या बाजूची चेन नेहमीसारखी मागचं चाक फिरवते. डाव्या चेनमुळे दोघांचे पाय एकाच गतीनं फिरतात. पुढच्यानं पाय थांबवले की मागच्याचेही थांबतात. मागच्यानं जोर वाढवला की पुढच्याच्या तळपायाला तो लगेच कळतो. साध्या टँडमवर “मी दमलो, तू मार पायडल” असं म्हणता येत नाही. जोर कमी लावता येतो, पण पाय फिरवावेच लागतात.

दोन माणसांचं वजन दोनच चाकांवर येत असल्यानं ही चाकं मजबूत लागतात. त्यांना साध्या सायकलपेक्षा जास्त किंवा जाड तारा घालतात आणि टायरही थोडे रुंद निवडतात. नेहमीच्या सायकलची चाकं टँडमला लावली तर तारा तुटण्याची तक्रार सुरू होते.

कॅप्टन आणि स्टोकर

पुढे बसणाऱ्याला कॅप्टन म्हणतात, शर्यतीत पायलट. हँडल, बहुतेक वेळा ब्रेक आणि गिअर त्याच्या हातात असतात. मागे बसणाऱ्याला स्टोकर म्हणतात. हा शब्द वाफेच्या इंजिनाच्या काळातला आहे. भट्टीत कोळसा टाकणारा तो स्टोकर. मूर्तिजापूर-अचलपूरची आपली शकुंतला वाफेवर धावायची, तेव्हा ड्रायव्हरच्या सोबतीनं कोळसा टाकणारा फायरमन असायचा. तो नसेल तर ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी गाडी हलायची नाही. टँडमवरच्या मागच्या माणसाचं कामही तसंच आहे.

मागचं हँडल फ्रेमला पक्कं बसवलेलं असतं, ते वळत नाही. म्हणजे स्टोकरला दिशा बदलता येत नाही, आणि समोर कॅप्टनची पाठ असल्यानं रस्ताही नीट दिसत नाही. त्याला पुढच्या माणसावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच कॅप्टनचं पहिलं काम बोलणं हे आहे. खड्डा, गतिरोधक, वळण, ब्रेक, गिअर बदलणं, पाय थांबवणं, सगळं आधी तोंडानं सांगायचं. न सांगता गतिरोधकावरून सायकल गेली, तर मागच्या चाकाच्या जवळ बसलेल्या स्टोकरला पाठीत जोराचा दणका बसतो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो सायकलवर बसणार नाही.

सुरुवात करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. कॅप्टन दोन्ही पाय जमिनीवर फाकवून उभा राहतो आणि ब्रेक घट्ट दाबून सायकल धरतो. स्टोकर मागे चढून दोन्ही पाय पायडलवर ठेवतो. मग पायडल सुरुवातीच्या जागी आणतो, म्हणजे एक पायडल वर राहतं. कॅप्टनचे पाय फाकलेले नसतील तर हे फिरणारं पायडल त्याच्या नडगीवर बसतं. मग कॅप्टन पाय ठेवतो, “चल” म्हणतो आणि दोघं एकदम जोर लावतात. उतरताना आधी कॅप्टन पाय टेकवतो. सायकल पूर्ण थांबेपर्यंत स्टोकर जागेवरच राहतो.

दोघं असल्यावर वेग दुप्पट होतो का?

दुप्पट होत नाही, पण सपाट रस्त्यावर एकट्यापेक्षा चांगलाच वाढतो. याचं कारण हवा आहे.

ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगाला सायकलस्वाराची बरीचशी ताकद समोरची हवा कापण्यात जाते. दोन माणसं दोन सायकलींवर शेजारी शेजारी गेली, तर प्रत्येकाला आपापली हवा कापावी लागते. टँडमवर मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला असतो. त्यामुळे हवेचा विरोध एका सायकलस्वारापेक्षा थोडाच जास्त होतो आणि तो कापायला मात्र दोन माणसांची ताकद असते. शिवाय एक टँडम दोन स्वतंत्र सायकलींपेक्षा हलकी असते आणि रस्त्यावर घासणारे टायर चारऐवजी दोनच असतात.

चढावर हा फायदा जवळजवळ संपतो. तिथे वेग कमी असल्यानं हवेचा प्रश्न उरत नाही, प्रश्न वजनाचा असतो. ताकद दोघांची असली तरी वजनही दोघांचंच ओढायचं असतं. त्यात दोघांची लय जुळली नाही तर थोडी ताकद वायाच जाते. म्हणून घाटात एकटा सायकलस्वार टँडमला मागे टाकतो आणि सपाटीवर टँडम त्याला पुन्हा गाठते.

सोबत फिरायला जाणाऱ्यांसाठी टँडमचा आणखी एक फायदा आहे. नवरा-बायको, बाप-लेक किंवा दोन मित्र वेगवेगळ्या सायकलींवर निघाले की एक पुढे जातो, दुसरा मागे पडतो. पुढच्याला वाट बघावी लागते आणि मागच्याची दमछाक होते. टँडमवर हा प्रश्नच येत नाही. ज्याची जेवढी ताकद तेवढी तो लावतो, पोहोचतात मात्र दोघं एकाच वेळी. गप्पाही ओरडून माराव्या लागत नाहीत.

खरी परीक्षा उतारावर

टँडमच्या बाबतीत चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्यावी लागते. अमरावती जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना साधारण सातशे मीटर उंची चढावी लागते. परत येताना तेवढीच उतरायची असते.

दोन माणसं प्रत्येकी ७० किलोची आणि टँडम २० किलोची धरली, तर एकूण वजन १६० किलो झालं. एवढं वजन सातशे मीटर खाली येताना सुमारे ११ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. तीन लिटरहून जास्त साधं पाणी उकळीपर्यंत तापवायला एवढी ऊर्जा पुरते. तिच्यातली काही हवेच्या विरोधात जाते, पण हळू उतरायचं म्हणून सतत ब्रेक दाबून ठेवला तर बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. एकट्या सायकलस्वाराच्या बाबतीत हा आकडा साधारण निम्मा असतो. ब्रेक मात्र दोघांकडेही दोनच असतात.

रिमला घासणारे रबरी ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असतील तर डिस्क इतकी तापते की ब्रेकची पकड कमी होते. म्हणून डोंगराळ भागात टँडम चालवणारे काही जण मागच्या चाकाला तिसरा ब्रेक बसवून घेतात. तो फक्त लांब उतारावर वेग आवरायला वापरतात. एवढी सोय नसेल तर सोपा नियम असा: ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. पुढचा आणि मागचा आलटून पालटून दाबायचा, मध्येच थांबायचं आणि रिम किंवा डिस्क गार होऊ द्यायची. ती गार झाली का हे बघायला हात लावू नका, चटका बसतो. नव्या जोडीनं तर घाटात जाऊच नये. आधी काही महिने सपाट रस्त्यावर जम बसू द्यावा.

ऑलिम्पिकमधून गेली, पॅरालिम्पिकमध्ये आली

१९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये टँडमची शर्यत झाली. १९१२ ला ट्रॅक सायकलिंगच नव्हतं. १९२० पासून १९७२ पर्यंत मात्र प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत होती. दोन जोड्या ट्रॅकवर उतरायच्या, सुरुवातीला एकमेकांचा अंदाज घेत हळू चालवायच्या आणि शेवटच्या टप्प्यात जीव तोडून पळायच्या.

यातल्या एका ऑलिम्पिकशी अमरावतीचंही नातं आहे. १९१४ मध्ये सुरू झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे गेलं होतं आणि त्यांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. त्याच ऑलिम्पिकमध्ये टँडमचं सुवर्णपदक यजमान जर्मनीच्या एर्न्स्ट इब्बे आणि कार्ल लोरेन्झ या जोडीनं जिंकलं.

१९७२ च्या म्युनिकनंतर ही शर्यत ऑलिम्पिकमधून निघाली. जागतिक अजिंक्यपदातली टँडम शर्यतही १९९४ नंतर बंद झाली. या सायकलचं स्पर्धेतलं आयुष्य संपलं असं वाटावं, अशी ही वेळ होती. पण १९९० च्या दशकातच पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी खेळाडूंसाठी टँडम आली आणि टिकली. इथे मागे बसणारा स्टोकर हा मुख्य खेळाडू असतो. पुढचा पायलट डोळस असतो. पदक दोघांनाही मिळतं. पायलट कोणाला होता येईल यावर नियम आहेत, म्हणजे एखादा चालू व्यावसायिक सायकलपटू उचलून पुढे बसवला असं करता येत नाही.

शर्यती रस्त्यावरही होतात आणि ट्रॅकवरही. त्यातली एक म्हणजे उभ्या जागेवरून सुरू करून एक किलोमीटर. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनच्या नील फाची यांनी पायलट मॅट रॉदरहॅम यांच्यासोबत हे अंतर ५८.०३८ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला. म्हणजे थांबलेल्या सायकलपासून सुरुवात करूनही सरासरी वेग ताशी ६२ किलोमीटर पडला. वरूड-मोर्शी रस्त्यावर तुमची मोटारसायकल ज्या वेगानं जाते, तोच हा वेग आहे, तोही पायांच्या जोरावर.

आपल्याकडे काय चाललंय?

महाराष्ट्रात टँडमचं नाव निघालं की पुण्याचे दिव्यांशू गणात्रा आठवतात. काचबिंदूमुळे एकोणिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले, एकट्यानं पॅराग्लायडिंग करणारे भारतातले पहिले दृष्टिहीन पायलट म्हणून त्यांचं नाव झालं आणि त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. मनाली ते खारदुंग ला हा पाचशे किलोमीटरच्या आसपासचा, पाच हजार मीटरपेक्षा उंच खिंडीत संपणारा रस्ता त्यांनी टँडमवरून केला.

या संस्थेच्या कामातला एक विचार समजून घेण्यासारखा आहे. अपंग आणि बिगर-अपंग माणसं एकत्र खेळली पाहिजेत, असं ते मानतात. आपल्याकडे अंध माणसाशी आपला संबंध बहुतेक वेळा रस्ता ओलांडून देण्यापुरता येतो. म्हणजे एक मदत करणारा आणि एक मदत घेणारा. टँडमवर हे नातं बदलतं. पुढच्याला डोळे आहेत, पण मागच्यानं जोर लावला नाही तर तोही चढावर अडकतो. तीस किलोमीटर झाल्यावर दमलेल्या डोळस पायलटला अंध स्टोकर ओढून घरी आणतो, असंही होतं.

विदर्भाला सायकलचं वेड नवीन नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्यानं पूर्ण केली. भंडारा जिल्ह्यातल्या ज्योती गडेरिया यांनी अपघातात पाय गमावल्यावर सायकल हाती घेतली आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकपर्यंत मजल मारली. त्या आणि अर्शद शेख हे पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंग करणारे पहिले भारतीय. त्यांचा गट टँडमचा नव्हता, पण अपंगत्व असलेला सायकलपटू आपल्याच मातीतून तिथपर्यंत जाऊ शकतो हे त्यांनी दाखवून दिलं.

शर्यत नको पण आव्हान हवं, अशांसाठी ब्रेव्हे आहेत. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. २०० किलोमीटर म्हणजे वरूडहून अमरावतीला जाऊन परत येण्यापेक्षा थोडं जास्तच. इथे टँडमही चालते. या प्रकारातल्या सर्वात जुन्या, १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये तर टँडमवाल्यांना वेगळ्या गटात सोडतात.

वरूडमध्ये सुरुवात करायची तर?

हा भाग टँडमसाठी वाईट नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यानं उत्तरेकडे चढ आहेत, पण मोर्शीच्या बाजूला आणि गावोगावच्या संत्र्याच्या बागांमधून बऱ्यापैकी सपाट रस्ते मिळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. संत्र्याचा तोडा सुरू असताना मुख्य रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टरची वर्दळ असते, तेव्हा सकाळी लवकर निघून आतले रस्ते धरलेले बरे.

टँडम सहसा जवळच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते, आणि साध्या सायकलपेक्षा तिला बराच जास्त खर्च येतो. एकट्यानं घेतली तर ती महिन्यातले बहुतेक दिवस भिंतीला टेकून राहते. म्हणून पाच-दहा जणांनी, एखाद्या सायकल ग्रुपनं, शाळेनं किंवा व्यायामशाळेनं मिळून एक घेणं शहाणपणाचं. दुरुस्तीची फार भीती नको. चेन, ब्रेक आणि पंक्चर यांचं काम नेहमीचा सायकल मिस्त्रीही करतो. तारा आणि टायर मात्र सुटे आणून ठेवावेत.

अशी सायकल आली की गावातल्या अंध किंवा कमी दिसणाऱ्या एखाद्या मुलाला, मुलीला, मोठ्या माणसाला बोलवा. मात्र काही गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, त्यांना धरून, उचलून सीटवर बसवू नका. आधी सायकल हातानं पूर्ण बघू द्या: हँडल, सीट, पायडल, चेन कुठे आहे, लांबी किती आहे. बसायचं कसं ते त्यांचं त्यांना जमतं.

दुसरी, पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या मैदानावर घालवा. निघणं, थांबणं आणि वळणं एवढंच करा. हेल्मेट दोघांनाही हवं.

तिसरी, शब्द आधीच ठरवून घ्या. “चल”, “थांब”, “सैल सोड”, “गिअर”, “डावीकडे”, “उजवीकडे”. गतिरोधक आला की “तीन, दोन, एक” मोजा. “अरे अरे, सांभाळ!” याचा मागच्याला काहीच उपयोग होत नाही. काय सांभाळायचं ते सांगा.

चौथी, रस्त्याचं वर्णन करत राहा, पण प्रवचन नको. पुलावर आलो, नदीला पाणी आहे, समोरून बैलबंडी येते आहे, एवढं पुरे. बाकीचं त्यांना तुमच्याआधी कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुलं लागली की संत्र्याची बाग दिसण्याआधी तिचा वास येतो. तो आधी कोणाला आला हे मागच्या सीटवरूनच कळेल.

आणि परत आल्यावर एक गोष्ट विचारा, “पुढच्या रविवारी किती किलोमीटर करायचे?” आकडा मागच्या सीटवरून येऊ द्या. डबलसीट बसणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. टँडमवर मात्र तो विचारावाच लागतो, कारण ते अंतर दोघांनी मिळून कापायचं असतं.